गोल्फ सेटअप : आधी पाय की आधी क्लबफेस?

खाडीकिनारी
सरावाच्या रेंजवर ७-आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) सरळ जातं आणि कोर्सवर तेच उजवीकडे पळतं, ही तक्रार खारघरच्या गोल्फ कोर्सवर पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात) कुणाच्याही तोंडून ऐकू येईल. लगेच सगळे स्विंगच्या मागे लागतात. माझं मत असं की दहापैकी सात-आठ वेळा स्विंग तोच असतो, उभं राहणं बदललेलं असतं. रेंजवर चटईची सरळ कड असते, जमीन सपाट असते, चेंडू दर वेळी त्याच जागी असतो. कोर्सवर यातलं काहीच नसतं.

सेटअपचे, म्हणजे फटक्याआधी उभं राहण्याचे, भाग सगळ्यांना पाठ आहेत : ग्रिप, निशाणा, पायांतलं अंतर, चेंडूची जागा, कमरेतला वाक, वजन. प्रश्न क्रमाचा आहे. पाय रोवून मग क्लब चेंडूमागे टेकवायचा, की उलट? आणि क्रम चुकला तर नेमकं काय बिघडतं? 'ज्याला जे जमेल ते' हे उत्तर नको, कारणासकट लिहा. उजव्या हाताने खेळणारा गृहीत धरू.

वडापाव_बर्डी
आधी पार्किंग. बाकीचं नंतर.

डावखुरा_ठाणेकर
'उजव्या हाताने खेळणारा गृहीत धरू' वाचून धागा बंद करणार होतो. पुढचा हात, मागचा हात असं लिहा की राव, आम्हालाही कळेल.

निवृत्त_ओव्हरसियर
आधी क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः फटक्याच्या क्षणी फेस कुठे बघतो यावर ठरते. लाँच मॉनिटरच्या (फटका मोजणाऱ्या यंत्राच्या) हिशोबाने आयर्नला हा वाटा साधारण तीन-चतुर्थांश, ड्रायव्हरला त्याहून अधिक. त्यामुळे ज्याचा वाटा मोठा ते आधी लावावे.

कृती : चेंडूच्या मागे चार-पाच पावले उभे राहा. चेंडू आणि झेंडा जोडणाऱ्या रेषेवर, चेंडूच्या पुढे दोन-तीन फुटांच्या आत एक खूण हेरा. जुनी डिव्हट (क्लबने उडालेल्या गवताची खाच), वाळके पान, गवताचा वेगळा ठिपका, काहीही चालेल. अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलॉसची हीच पद्धत. दीडशे यार्डांवरच्या झेंड्याशी फेस जुळवणे डोळ्यांना कठीण, दोन फुटांवरच्या पानाशी सोपे. मग बाजूने चेंडूकडे या, पाय जुळलेले ठेवा, क्लब टेकवा आणि फेसची खालची कड, म्हणजे लीडिंग एज, त्या रेषेला काटकोनात लावा.

वरची कड बघून लावू नका. आयर्नचा टो (क्लबच्या डोक्याचे बाहेरचे टोक) वर चढलेला असतो आणि फेस मागे कललेला, त्यामुळे वरची कड बाहेर उघडल्यासारखी दिसते. तिला सरळ करायला गेलात की फेस बंद होतो.

यानंतर पाय. घाईत पाय आधी रोवले जातात आणि मग मनगट वळवून फेस जुळवला जातो. त्यात ग्रिप बदलते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

पाठीचा_कणा
ओव्हरसियर काका, निशाण्याबद्दल सहमत, पण 'मग पाय' म्हणून पुढे गेलात तिथे थांबवते. वाक चुकीचा असेल तर फेस कितीही काटकोनात लावा, फटक्याच्या क्षणी तो तिथे परत येणार नाही.

वाक हिपच्या सांध्यातून हवा, पाठीतून नाही. तपासायला एक क्लब पाठीवर उभा धरा : डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. आता पुढे वाका. तिन्ही टेकलेलेच राहिले तर वाक हिपमधून आला. माकडहाडाकडून सुटला तर खालची पाठ गोल झाली, डोक्याकडून सुटला तर मान पुढे झुकली. मग गुडघ्यांचा कडकपणा फक्त सोडा, खुर्चीत बसायला निघाल्यासारखं करू नका. वजन बुटांच्या लेसखाली. हात खांद्यांतून सरळ खाली लोंबू द्या, जिथे येतील तिथेच क्लब पकडा. ७-आयर्नला ग्रिपचं टोक आणि मांडी यांत एक तळहात मावतो, ड्रायव्हरला दीड ते दोन.

बिघडतं काय ते लिहिते. पाठ गोल असेल तर छातीचा मणका वळत नाही, मग बॅकस्विंग पुरा करायला हात वर उचलले जातात आणि खाली येताना बाहेरून आत येतात. गुडघे फार वाकले की वजन टाचांवर जातं, तोल सावरायला शरीर खाली येताना पुढे ढकललं जातं आणि चेंडू हीलवर, म्हणजे क्लबच्या दांड्याकडच्या टोकाला, लागतो. असा चुकलेला फटका, म्हणजे शँक, नको असेल तर आधी टाचा बघा.

निवृत्त_ओव्हरसियर
@पाठीचा_कणा, ताई, तुमचे म्हणणे मान्य, पण वाक किती हे कोण ठरवणार? क्लबची लांबी. ७-आयर्न साधारण ३७ इंच, ड्रायव्हर ४५च्या आसपास. वाकून तयार झालात आणि मग क्लब टेकवलात तर तळ जमिनीवर नीट बसेलच असे नाही. टो हवेत राहिला तर चेंडू डावीकडे, हील हवेत राहिली तर उजवीकडे, आणि वेजला (आखूड, जास्त कललेल्या फेसच्या क्लबला) हा परिणाम सर्वांत जास्त. म्हणून क्लब आधी, शरीर त्याच्याभोवती. टोखाली एखादे नाणे सरकेल एवढी फट मात्र चालते, वेगात शाफ्ट (दांडा) खाली झुकते आणि ती भरून निघते.

पाठीचा_कणा
बरं, क्लब आधी. पण वाक घरी घोटून ठेवायचा, टीवर शोधत बसायचं नाही.

तिसरा_मजला
घरी म्हणजे कुठे? घोडबंदरच्या वन बीएचकेत ड्रायव्हर फिरवला तर पंखा आधी, टीव्ही नंतर.

निळी_चटई
फिरवायचा कशाला, सेटअपला जागा लागत नाही. दोन बाय दोनच्या फरशा असतील तर सांधे आयतेच आहेत. एका सांध्यावर चेंडू, त्याच्या अलीकडच्या समांतर सांध्याजवळ बोटं. ७-आयर्नला बोटं आणि चेंडू यांत दोन फुटांच्या आत-बाहेर अंतर येतं, म्हणजे फरशी अगदी मापाची आहे. समोर कपाटाचा आरसा असेल तर चेंडूची जागा आणि खांद्यांचा कल दिसतो. निशाण्याच्या उलट बाजूला, म्हणजे उजव्या हाताकडे आरसा असेल तर वाक आणि हातांचं लोंबणं.

फोनने शूट करणार असाल तर फोन प्लॅस्टिकच्या स्टुलावर, ग्रिपच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत ठेवा. बहुतेक जण चेंडूच्या रेषेत ठेवतात किंवा जमिनीवर टेकवतात, मग खांदे, पाय सगळंच तिरकं दिसतं आणि नसलेला दोष सुधारायला घेतला जातो.

समांतर_रेषा
निशाण्याबद्दल एक गैरसमज या धाग्यात अजून आला नाही, पण येणारच, म्हणून आधीच लिहितो.

शिकवताना सांगतात की चेंडूची रेषा आणि पायांची रेषा रेल्वेच्या रुळांसारखी, बाहेरचा रूळ झेंड्याकडे, आतला त्याच्या थोडा डावीकडे. बरोबर आहे. पुढे असंही सांगतात की पाय झेंड्याकडे रोखले म्हणून चेंडू उजवीकडे गेला. हिशोब करून बघा. दोन रुळांतलं अंतर २ फूट, झेंडा १५० यार्ड म्हणजे ४५० फूट. पायांची रेषा खरोखर झेंड्यात रोखली तरी चूक फक्त पाव अंश. तेवढ्याने चेंडू दोन फूट सरकेल, झाडीत जाणार नाही.

मग लोक इतके उजवीकडे का उभे राहतात? कारण तपासण्याची पद्धत. डोकं वळवून डाव्या खांद्यावरून बघतात आणि खांदा झेंड्याखाली दिसला की समाधान मानतात. पण वाकल्यावर डोळे खांद्यांच्या रेषेवर नसतात, चेंडूच्या बाजूला बरेच पुढे असतात. पुढे असलेल्या डोळ्यांना खांदा झेंड्याखाली दिसायला हवा असेल तर तो खांदा पुढे आणावा लागतो, म्हणजे संपूर्ण खांदे उजवीकडे वळतात. आता चूक पाव अंशाची राहत नाही, कित्येक अंशांची होते. ५ अंश चुकले तर १५० यार्डांवर १३ यार्ड.

डोकं वळवल्यावर झेंडा खांद्याच्या उजवीकडे, मोकळा दिसला पाहिजे. सुरुवातीला फार डावीकडे उभं राहिल्यासारखं वाटतं. वाटू द्या.

खाडीकिनारी
हा पाव अंशाचा हिशोब कधी डोक्यातच आला नव्हता. मग स्लाईसवाले उलटे, डावीकडे का उभे राहतात?

समांतर_रेषा
चेंडू उजवीकडे वळतो म्हणून निशाणा डावीकडे घेतात. शरीर डावीकडे वळलं की स्विंगचा मार्गही डावीकडे जातो, फेस मात्र झेंड्याकडेच राहतो. मार्ग आणि फेस यांतला फरक वाढला, म्हणजे वळण वाढलं. मग आणखी डावीकडे. हे थांबवायला आधी खांदे मोजा : उभं राहिल्यावर क्लब छातीवर, दोन्ही खांद्यांना टेकवून आडवा धरा आणि तो कुठे रोखलाय ते बघा. पाय सरळ आणि खांदे डावीकडे, ही जोडी सर्वांत जास्त सापडते, कारण उजवा हात ग्रिपवर खाली असतो आणि तिथे पोचताना उजवा खांदा पुढे ओढला जातो. उजवा कोपर सैल, डाव्यापेक्षा किंचित खाली ठेवा, खांदा आपोआप मागे राहतो.

शिवाजी_पार्क_स्कूल
आमच्यासारखे क्रिकेटमधून आलेले इथे मार खातात. बॅट धरल्यासारखा क्लब धरला की तो तळव्यात जातो, बोटांत नाही.

निळी_चटई
ग्रिपचा विषय निघाला ते बरं झालं, एवढे प्रतिसाद आले आणि कुणी काढलाच नव्हता. डाव्या हाताला क्लब तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळाखाली, तिरका. मूठ बंद केल्यावर वरून बघताना दोन ते अडीच पेरं दिसावीत. अंगठा शाफ्टच्या किंचित उजवीकडे. अंगठा आणि तर्जनीमधला व्ही उजव्या खांदा-हनुवटीच्या मधे रोखलेला. उजव्या हाताचा तळवा डाव्या अंगठ्यावर बसतो. करंगळी वर चढवायची की अडकवायची हा हाताच्या मापाचा प्रश्न आहे. हॅरी व्हार्डनच्या नावाची ओव्हरलॅप पकड मोठ्या हातांना सोयीची, निकलॉसची इंटरलॉक लहान बोटांना.

आणि क्लब जमिनीवर टेकवून ग्रिप घेऊ नका. समोर हवेत, कमरेच्या उंचीवर धरा, लीडिंग एज उभी दिसली पाहिजे, मग बोटं बंद करा. टेकवून घेतली की आपण फेस नकळत फिरवतो.

पावसाळ्यात तर ग्रिप हाच अर्धा सेटअप. पावसाने किंवा नुसत्या दमटपणाने रबर निसरडं झालं की मूठ आवळली जाते, मनगटं आणि दंड ताठरतात, हात लांब होत नाहीत आणि चेंडू टॉप होतो, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या भागाला लागतो. दोन टॉवेल, एक छत्रीच्या आत टांगलेला. पावसाचे ग्लव्ह दोन्ही हातांत घालतात, ते ओले झाल्यावर जास्त पकडतात.

वडापाव_बर्डी
छत्रीच्या आत टॉवेल टांगायचा हे आजवर का सुचलं नाही? बाकी चर्चा डोक्यावरून गेली, पण टॉवेलसाठी धागा वसूल.

डावखुरा_ठाणेकर
चेंडूच्या जागेचं काय? काही जण म्हणतात प्रत्येक क्लबला वेगळी, काही म्हणतात कायम डाव्या (म्हणजे आमच्या उजव्या!) टाचेसमोर.

समांतर_रेषा
दोन्ही पद्धतींनी खेळणारे आहेत, पण नवख्याला पहिली सोपी. स्विंगचा तळ साधारण पुढच्या काखेखाली येतो. आयर्नने चेंडू आधी, माती नंतर लागायला हवी, म्हणून चेंडू तळाच्या मागे. ड्रायव्हरने चेंडू टीवर असतो आणि क्लब वर चढताना लागायला हवा, म्हणून तळाच्या पुढे. वेजला स्टान्सच्या, म्हणजे दोन पायांतल्या जागेच्या, मध्यावर, ७-आयर्नला मध्यापासून एक चेंडू पुढे, ड्रायव्हरला पुढच्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर.

जागा पावलांनी ठरवा. पाय जुळवून उभे राहा, चेंडू बरोबर मधे. वेजला दोन्ही पाय सारखेच बाजूला, थोडेसे. ७-आयर्नला पुढचा पाय जरा कमी, मागचा जरा जास्त, टाचांमधे खांद्यांएवढं अंतर. ड्रायव्हरला पुढचा पाय जवळपास जागीच, फक्त बोटं बाहेर वळवा, आणि मागचा लांब न्या, खांद्यांपेक्षा थोडं जास्त. मोजमाप टाचेवरून करा, बोटांवरून नाही. पाऊल बाहेर वळवलं की बोटं झेंड्याकडे जातात आणि चेंडू मागे गेल्याचा भास होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, क्रम का महत्त्वाचा. चेंडू पायांपासून २४ इंचांवर आहे असं धरा. स्टान्स ५ अंश उजवीकडे वळलेला असेल तर चेंडू त्या स्टान्सच्या हिशोबात सुमारे २ इंच पुढे जातो. डावीकडे वळलेला असेल तर २ इंच मागे. म्हणजे निशाणा चुकला की चेंडूची जागाही चुकली, पाय कितीही मापून टाका. दोन इंच म्हणजे ७-आयर्न आणि ड्रायव्हर यांच्या जागांतला मोठा हिस्सा. आणि हे उलटही चालतं. चेंडू फार पुढे असेल तर तिथे पोचायला खांदे डावीकडे उघडतात, फार मागे असेल तर बंद होतात. त्यामुळे फेस, मग त्याला समांतर पाय, आणि पाय टाकतानाच चेंडूची जागा, हे एकाच हालचालीत झालं पाहिजे. वाक त्याआधी, क्लब टेकवताना. इथे ताईंचं आणि काकांचं भांडण मिटतं.

पाठीचा_कणा
भांडण नव्हतं. पण मिटलं तर मिटलं.

निवृत्त_ओव्हरसियर
२ इंचांचा हिशोब कागदावर करून पाहिला, जुळतो.

डोंगरउतार
हे सगळं सपाट जमिनीचं झालं. खारघरचं कोर्स डोंगरांच्या कुशीत आहे, तिथे सपाट लाय (चेंडू पडलेली जागा) फक्त टीवर मिळते. फेअरवेवर चार प्रकार :

चेंडू पायांपेक्षा वर असेल तर क्लब एक-दीड इंच खाली पकडा, जरा ताठ उभे राहा, निशाणा उजवीकडे. उतारामुळे फेस डावीकडे बघतो, जितका लॉफ्ट (फेसचा मागचा कल) जास्त तितका जास्त.

चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर पाय फाकवून खाली उतरा, हिपमधून जास्त वाका, गुडघ्यांनी खाली जाऊ नका, आणि तो वाक शेवटपर्यंत सोडू नका. चेंडू उजवीकडे जातो. हा सर्वांत कठीण लाय, इथे तीन-चतुर्थांश स्विंगच बरा.

चढावर खांदे उताराला समांतर करा, वजन मागच्या पायावर पडेल ते पडू द्या. लॉफ्ट वाढतो म्हणून एक क्लब मोठा घ्या, निशाणा थोडा उजवीकडे.

उतारावर खांदे पुन्हा समांतर, म्हणजे पुढचा खांदा खाली. चेंडू वरच्या पायाकडे, म्हणजे जरा मागे. चेंडू खालून जातो, जास्त पळतो, म्हणून एक क्लब लहान.

शिवाजी_पार्क_स्कूल
सिडकोने डोंगर सपाट करायला हवे होते. हलकेच घ्या.

खाडीकिनारी
नको, नवी मुंबई विमानतळासाठी एक केला तेवढा पुरे.

एक शंका : निशाण्याच्या सरावाची फायबरची काठी कोर्सवर पायांजवळ टाकून खेळलं तर चालतं का? मित्रांच्या खेळात कुणी हरकत घेत नाही.

निळी_चटई
सरावात टाका, फेरीत नाही. नियम १०.२ब : पाय किंवा शरीर जुळवायला ठेवलेल्या वस्तूच्या आधाराने स्टान्स घेतला की दंड लागतो. मागे हटून वस्तू उचलली तरी सुटका नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) २ फटके, मॅच प्लेमध्ये (होलगणिक लढतीत) ते होल गेलं. चेंडूवर काढलेली रेषा चालते. पान, डिव्हट वगैरे जिथे आहे तिथली खूण हेरणं चालतं, ते आपण ठेवलेलं नसतं. २०१९ पासून कॅडीने मुद्दाम मागे, रेषेत उभं राहून निशाणा जुळवून देणंही बंद आहे.

टीवरच्या दोन खुणांकडेही लक्ष ठेवा. त्या कुणीतरी गवत वाचवायला रोज हलवलेल्या असतात, त्यांना जोडणारी रेषा फेअरवेला काटकोनात असेलच असं नाही. डोळा मात्र तिलाच धरून पाय टाकतो. तुमच्या मूळ प्रश्नातलं 'पहिल्या टीवर उजवीकडे' याचं एक कारण हेही असू शकतं.

तिसरा_मजला
ड्रायव्हरबद्दल कुणी सविस्तर लिहा. पायांचं कळलं, वरचं धड कसं ठेवायचं?

पाठीचा_कणा
उभं राहून झालं की उजवा हात ग्रिपवरून सोडा, उजव्या मांडीच्या बाहेरून गुडघ्याकडे सरकवा, जितका सहज जाईल तितकाच. कणा झेंड्यापासून किंचित मागे कलतो, उजवा खांदा खाली येतो. हात परत ग्रिपवर आणा, कल ठेवा. डोकं चेंडूच्या मागे आलं पाहिजे, वजन मात्र सगळं उजव्या पायावर नको. टी इतकी उंच की क्लब टेकवल्यावर अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या वर दिसेल. शाफ्ट समोरून जवळपास उभा. आयर्नसारखे हात पुढे दाबलेत तर लॉफ्ट कमी होतो आणि फेसही उघडतो.

चाळिशीपार
प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांनी काय करायचं? खाली बघितलं की चेंडू धूसर, हनुवटी खाली केली की स्पष्ट.

पाठीचा_कणा
हनुवटी खाली करून चालणार नाही. काचेचा खालचा भाग वाचायच्या अंतराचा असतो, चेंडू डोळ्यांपासून साधारण पाच फुटांवर. मग वरच्या भागातून बघायला माणूस हनुवटी छातीत खुपसतो आणि डाव्या खांद्याला तिच्याखालून जायला जागाच राहत नाही. खांदा अडला की एक तर वळण अर्धवट राहतं, नाही तर खांदा डोक्याला वर ढकलतो. खेळण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्या. स्कोअरकार्ड लिहायला दुसऱ्याला सांगा.

समांतर_रेषा
@चाळिशीपार, पटिंगला (होलजवळच्या हलक्या फटक्याला) तर हे आणखी जाणवतं. डोळे चेंडूवर आहेत का बघायला पटरच्या स्टान्समध्ये डाव्या डोळ्यापाशी एक चेंडू धरून सोडा. खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आत पडला पाहिजे. प्रोग्रेसिव्ह लावून आणि काढून, दोन्ही वेळा करून बघा.

खाडीकिनारी
हे सगळं टीवर करायला वेळ किती? मागे चौघे कमरेवर हात ठेवून उभे असतात.

निळी_चटई
तुमची पाळी आली आणि अडथळा नसला की ४० सेकंदांत फटका, अशी नियमांची शिफारस आहे. बहुतेक वेळा त्याहून लवकरच व्हावं. खूण हेरणं आणि ग्रिप चेंडूच्या मागे उभं असतानाच उरकतात. क्लब टेकवल्यापासून स्विंग सुरू होईपर्यंत मोजके क्षण हवेत. तिथे जास्त थांबलात की हात आवळतात, म्हणून पाय आणि क्लब थोडे हलते ठेवा. काही खटकलं तर तिथल्या तिथे पाय सरकवून दुरुस्ती करू नका. मागे या, खुणेपासून पुन्हा सुरू करा. मागचे चौघे एकदा कुरकुरतील, चेंडू शोधायला गेलात तर तीन मिनिटं कुरकुरतील.